प्रशिक्षण सुरू होतं चौथ्या दिवशी

प्रिय डॉक्टर,



तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तुम्हाला पत्र आलं असेल, किंवा येत्या काही महिन्यांत येईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय अधिकाऱ्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, जिल्हा रुग्णालयाचं सभागृह, सकाळी दहा वाजता. पत्र हातात पडल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो तो मला माहीत आहे: मागे केंद्रावर कोण? बाळंतपणाची बाई केव्हाही येते, लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, साप चावलेला माणूस तुमच्या प्रशिक्षणासाठी थांबत नाही. तरी तुम्ही याल, वहीपेन घ्याल, पहिल्या दिवशी पूर्वचाचणी आणि तिसऱ्या दिवशी उत्तरचाचणी लिहाल, आणि प्रमाणपत्र घेऊन शेवटच्या एसटीने परत जाल.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. अशा सभागृहांत पडद्याच्या बाजूला उभं राहून शिकवणाऱ्यांपैकी एक. तुम्ही यायच्या आधी तुमच्याशी मोकळेपणाने बोलावं असं वाटलं, म्हणून हे पत्र. तीन दिवस वाया जात नाहीत, त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण मनाचे आजार ओळखायला आणि हाताळायला डॉक्टर खरा शिकतो तो चौथ्या दिवसापासून, स्वतःच्या ओपीडीत, स्वतःच्या रुग्णासमोर. आणि तेही त्या वेळी त्याच्या पाठीशी कोणी उभं असेल तरच. ते पाठबळ आपोआप मिळत नाही. ते तुम्ही मागावं, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टर तरुण, नुकतीच रुजू झालेली. चाळिशीची एक बाई आत आली. सोबत नणंद. तक्रारी नेहमीच्या: अंग दुखतं, हातापायाची आग होते, जेवण जात नाही, सलाईन लावा म्हणजे बरं वाटेल. केसपेपर जाडजूड झाला होता. डायक्लोफेनॅक, कॅल्शियम, बी कॉम्प्लेक्स, पँटोप्राझोल, पुन्हा डायक्लोफेनॅक. हिमोग्लोबिन तपासलेलं, ठीक होतं. थायरॉइडही ठीक. बाहेर रांग दरवाज्यापर्यंत आलेली. डॉक्टरांचा हात त्याच चार औषधांकडे वळला होता, पण मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मावशी, झोप कशी लागते?”

“झोप कुठली मॅडम. पहाटे तीनला डोळा उघडतो. मग कौलं बघत पडून राहायचं.”

“तेव्हा मनात काय येतं?”

बाईने नणंदेकडे पाहिलं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. नणंदेला त्यांनी सिस्टरबरोबर बीपी तपासायला बाहेर पाठवलं, आणि खुर्ची जरा पुढे ओढून विचारलं, “कधी असं वाटतं का, की आता जगूच नये?”

उत्तर यायला वेळ लागला. “विहिरीवर जाते तेव्हा वाटतं,” बाई म्हणाली.

पुढचं जे काय करायचं ते आम्ही दोघींनी मिळून केलं. घरी फवारणीचं औषध कुठे ठेवलेलं आहे ते विचारलं, नवऱ्याला बोलावून घेतलं, गोळी सुरू केली, गोळ्यांची पुडी एका आठवड्याचीच दिली, गावच्या आशाताईंना दोन दिवसांनी घरी जायला सांगितलं. दुपारी ओपीडी संपल्यावर डॉक्टर मला म्हणाल्या, “तुम्ही शेजारी होतात म्हणून विचारलं. एकटी असते तर विचारलंच नसतं. उत्तर ‘हो’ आलं तर मी काय करणार होते?”

डॉक्टर, त्यांचं हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. कारण आमच्या साऱ्या प्रशिक्षणांची गोम त्यात आहे. आम्ही तुम्हाला प्रश्न विचारायला शिकवतो. उत्तर आल्यावर काय करायचं, तेव्हा मात्र तुम्ही एकटे असता. एकटा माणूस शहाणपणाने ठरवतो की प्रश्नच नको. याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे.

तुमच्याकडे अशा किती जणी, किती जण येतात याचा अंदाज घ्यायचा तर राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बघा. २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्सने बारा राज्यांत ते केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि नैराश्य, चिंता यांसारख्या सर्वसाधारण आजारांतले सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना होते. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या माणसाला त्यांचं अंतर किती पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा हे आजार कोणी बघायचे असतील तर ते तुम्हीच. सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र धरलेलं आहे. या लोकांच्या मनाचा डॉक्टरही तुम्हीच आहात, तुमच्या दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं नसलं तरी.

आणि यासाठी तुमची तयारी कितीशी करून घेतली गेली? एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मानसोपचार विभागाची पोस्टिंग मोजक्या आठवड्यांची. स्वतंत्र पेपर नाही; मेडिसिनच्या पेपरात थोडे गुण. विद्यार्थी ज्या विषयाला गुण असतात तो विषय वाचतो, त्याला दोष कसा द्यायचा? इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराची दोन आठवड्यांची पोस्टिंग सक्तीची झाली ती २०२१ च्या नियमांनी. त्याआधी बाहेर पडलेल्या हजारो डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण वॉर्डातल्या फेरीत लांबून पाहिलेला असतो आणि नैराश्याचा रुग्ण तर पाहिलेलाच नसतो, कारण तो वॉर्डात नसतोच. तो तुमच्या रांगेत उभा असतो, अंग दुखतं म्हणून. तुम्ही बीएएमएस असाल तर या विषयाशी गाठ पडण्याची संधी त्याहून कमी.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात एक अभ्यास केला, तो मी प्रशिक्षणात आवर्जून सांगते. अंगावरून पांढरं जातं ही तक्रार घेऊन आपल्याकडे किती बायका येतात! आपण अँटिबायोटिक्स देतो. त्या अभ्यासात या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, चिंता-नैराश्याशी अधिक घट्ट निघाला. याचा अर्थ तपासू नका असा नाही. तपासा, संसर्ग असेल तर उपचार करा. पण तिसऱ्यांदा गोळ्या लिहून देण्याआधी तिला विचारा की घरी कसं चाललंय.

प्राथमिक डॉक्टरांना मानसिक आजार शिकवण्याची ही कल्पना आजची नाही. चंदीगडच्या पीजीआयने हरियाणातल्या रायपूर राणीला आणि निम्हान्सने बेंगळुरूजवळच्या साकलवाड्याला १९७० च्या दशकात हे करून पाहिलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मग कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून जिल्हाभर उपचार पोचवता येतात असं दिसलं, आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत आहे. बेल्लारीला जे जमलं ते सगळीकडे का जमलं नाही, याचं माझं उत्तर असं: बेल्लारीत शिकवणारी माणसं शिकवून निघून गेली नव्हती. ती जिल्ह्यात राहिली, फिरत राहिली, डॉक्टरांचे अडलेले रुग्ण बघत राहिली. कार्यक्रम पसरला तेव्हा प्रशिक्षण पसरलं आणि ही फिरती मागे राहिली. प्रशिक्षणाचा अहवाल पाठवता येतो, संख्या भरता येते. एका डॉक्टरच्या शेजारी बसण्याला रकाना नाही.

स्वीडनमधल्या गॉटलंड बेटाची हकिकत आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, तुमच्यापर्यंत ती पोचायला हवी. १९८३ आणि ८४ मध्ये तिथल्या जवळजवळ सर्व कौटुंबिक डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचं आणि उपचारांचं शिक्षण दिलं गेलं. वोल्फगांग रुट्झ हे त्यातले प्रमुख. त्यानंतर बेटावर नैराश्यावरची औषधं जास्त आणि अधिक योग्य प्रकारे दिली जाऊ लागली, झोपेच्या आणि शांततेच्या गोळ्या कमी झाल्या, आणि आत्महत्यांचं प्रमाण ठळकपणे घसरलं. सगळीकडे आनंद झाला. पण काही वर्षांतच, १९८८ च्या सुमाराला, आकडे परत पूर्वीच्या पातळीकडे गेले. शोध घेतला तर दिसलं की शिकलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास डॉक्टर बेट सोडून गेले होते आणि शिक्षण पुन्हा झालं नव्हतं. आपल्याकडे बदल्यांचा आणि बंधपत्राच्या वर्षाचा हिशेब करा, डॉक्टर. तुमच्या तालुक्यात तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलेले किती जण आज त्याच खुर्चीत आहेत? रुट्झ यांचा निष्कर्ष साधा होता: असं शिक्षण दर दोनेक वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. घट मुख्यतः स्त्रियांमध्ये होती. पुरुष डॉक्टरकडे येतच नव्हते. त्यावर पुढे बोलते.

उलट बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये कौटुंबिक डॉक्टरांना नैराश्याबद्दल नीट आखलेलं शिक्षण दिलं गेलं. डॉक्टरांना ते आवडलं, उपयोगी वाटलं. २००० मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा मात्र असं दिसलं की त्यांचं नैराश्य ओळखणं सुधारलेलं नव्हतं आणि रुग्णही अधिक बरे झालेले नव्हते. उत्तरचाचणीतले वाढलेले गुण पाहून समाधान मानणाऱ्या आम्हा सर्व प्रशिक्षकांनी हा निष्कर्ष समोर ठेवला पाहिजे.

मग काय केलं तर उपयोग होतो? पुन्हा गोव्यात या. संगथ या संस्थेने मानस नावाचा प्रयोग तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत केला, तो २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. केंद्रात एक समुपदेशक बसवली. ती डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधर असण्याचीही अट नव्हती. स्थानिक, नीट शिकवलेली आणि देखरेखीखाली काम करणारी. ओपीडीत आलेल्यांची ती साध्या प्रश्नावलीने चाचपणी करायची, समजावून सांगायची, बोलायची, पुढच्या भेटीसाठी पाठपुरावा करायची. औषध लागेल तिथे डॉक्टर द्यायचे. आणि मानसोपचारतज्ज्ञ केंद्राला भेट द्यायचे, फोनवर असायचे. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या पद्धतीत बरे झालेल्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्के निघालं; नेहमीच्या पद्धतीत ते सुमारे ४२ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. सरकारी केंद्रात घडलं, डॉक्टर. आपल्या रांगा, आपली गर्दी, आपल्या औषधांचा तुटवडा असलेल्या केंद्रात.

आपल्या विदर्भातही याच वळणाचं काम झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदतीला गेलेल्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं मथळ्यांत राहिलं, त्याच जिल्ह्यात.

म्हणून प्रशिक्षणाला याल तेव्हा आमच्याकडून काय घेऊन जायचं ते सांगते. एक फोन नंबर घेऊन जा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाचा. आणि त्यांच्याकडून आठवड्यातली एक वेळ ठरवून घ्या. समजा, गुरुवारी दुपारी तीन. त्या वेळी तालुक्यातले चार-सहा केंद्रांचे डॉक्टर व्हिडिओवर एकत्र येतील आणि प्रत्येक जण आपल्या ओपीडीतला एक अडलेला रुग्ण मांडेल, नाव न घेता. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सीच्या उपचारांसाठी हीच पद्धत सुरू केली, ती इको नावाने जगभर गेली आणि निम्हान्सनेही उचलली. निम्हान्सचे डॉक्टर तर याच्याही पुढे जाऊन प्राथमिक डॉक्टरच्या चालू ओपीडीत व्हिडिओवरून हजर राहतात. रुग्ण समोर असतानाच शिकवणं होतं. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात पटते. माझ्याशेजारच्या त्या तरुण डॉक्टरला जे मिळालं ते फोनच्या पडद्यावरूनही मिळू शकतं.

अशा बैठकांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट मिळावेत असा आग्रह तुमच्या संघटनेने धरावा. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट लागतात. ते मिळवायला तुम्ही रविवारी शहरातल्या हॉटेलात जाऊन बसता, तिथे हृदयावर आणि मधुमेहावर बोललं जातं. तेही हवंच. पण गुरुवारी दुपारी स्वतःच्या रुग्णावर केलेली चर्चा त्यापेक्षा कमी दर्जाचं शिक्षण कशी ठरते?

औषधांबद्दल थोडं, कारण प्रशिक्षणात ते घाईत उरकलं जातं. फ्लुऑक्सेटिन किंवा एस्सिटालोप्राम सुरू करताना रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थपणा वाटू शकतो. हे एक वाक्य राहून गेलं की रुग्ण तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतो आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं नाही. बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने तरी औषध चालू ठेवायचं असतं, तेही आधीच सांगा. ॲमिट्रिप्टिलिन जास्त प्रमाणात घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत त्याच्या हातात महिन्याचा साठा देऊ नका. आणि अल्प्राझोलाम. झोप येत नाही म्हणून ते लिहून देणं सोपं आहे, रुग्ण खूश होतो, पण काही आठवड्यांतच सवय लागते आणि मूळचं नैराश्य तसंच राहतं. त्यावरची माझी भूमिका कडक आहे: दोन-तीन आठवड्यांपलीकडे नको, आणि पहिला उपाय म्हणून तर नकोच. औषधंच केंद्रात नसतील तर हे सगळं फुकट जातं. मागणीपत्रात ती दर वेळी लिहा, मिळोत न मिळोत.

प्रश्नावली हवी असेल तर पीएचक्यू-९ मराठीत आहे. नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण, दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट बघायचं. सगळ्या ओपीडीला ती भरून घेणं शक्य नाही, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पहिले दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला होता का, आणि मन उदास, निराश होतं का. ‘हो’ आलं की पुढचे सात. नवव्या प्रश्नाची भीती बाळगू नका. मरणाबद्दल विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. तो असेल तर आधीच असतो, आणि विचारणारं कोणी भेटलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

पुरुषांचं सांगते म्हटलं होतं. ते उदास म्हणून तुमच्याकडे येत नाहीत. ते दारू पिऊन पडल्यावर येतात, कावीळ झाली म्हणून येतात, किंवा बायको ओढून आणते. कधी ते दुसऱ्याच कारणाने भरती होतात आणि दोन-तीन दिवसांनी रात्री हात थरथरायला लागतात, भलतंसलतं दिसायला लागतं. तेव्हा नातेवाईक बाधा झाली म्हणतात आणि भगताला बोलावतात. ती दारू अचानक सुटल्याची लक्षणं असतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायचं, एवढं जरी प्रत्येक केंद्रात पाळलं गेलं तरी मेंदूची हानी टळेल. दारू पिणाऱ्याला प्रवचन देऊ नका. किती पिता, मध्ये काही दिवस न पिता जातात का, सोडायचा प्रयत्न केला होता का, तेव्हा काय झालं, हे चार प्रश्न राग न धरता विचारा. त्याच्याशी असं पहिल्यांदाच कोणी बोलत असतं.

फवारणीचं औषध घेतलेला माणूस रात्री दारात येतो, त्याबद्दल एकच. तुम्ही जीव वाचवता, एमएलसी करता, पोलिसांना कळवता, पुढे पाठवता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं आणि त्याला शिक्षा होत नाही. उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. नातेवाइकांना हे माहीत नसतं. ते भीतीपोटी ‘चुकून घेतलं’ सांगतात आणि रुग्ण वाचला की रातोरात घरी नेतात. त्यांना हे कलम समजावून सांगा, आणि सुट्टी देण्याआधी त्या माणसाशी दहा मिनिटं एकट्याने बोला. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात. एकदा प्रयत्न केलेला माणूस पुन्हा प्रयत्न करण्याचा धोका मोठा असतो, आणि पहिल्या प्रयत्नानंतर तो तुमच्याच खाटेवर असतो.

हे सगळं एकट्या डॉक्टरने करायचं नाही. समुदाय आरोग्य अधिकारी, एएनएम, आशाताई यांना सोबत घ्या. बाळंतीण महिन्याभराने गप्प गप्प झाली आहे हे तुमच्या आधी आशाताईंना कळतं. टीबीचा रुग्ण गोळ्या का टाळतो हे आरोग्य सेवकाला ठाऊक असतं. प्रशिक्षण तुमचं एकट्याचं होतं आणि हे लोक बाहेर राहतात, ही रचना मला चुकीची वाटते, आणि तसं मी वरिष्ठांना सांगतही असते. तोवर महिन्याच्या सभेतली पंधरा मिनिटं तुम्ही या विषयाला द्या.

आणि डॉक्टर, तुम्ही. चोवीस तासांची ड्युटी, मुख्यालयी राहण्याची सक्ती, एखादं बाळंतपण बिघडलं की दारात जमलेला जमाव, कुटुंब दुसऱ्या गावी. तुम्हालाही पहाटे तीनला जाग येत असेल तर ते ‘कामाचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रुग्णांसाठी तुम्ही भिंतीवर लावाल. मराठीत बोलणारं कोणी तरी तिथे असतं आणि पैसे लागत नाहीत. तो तुमच्यासाठीही आहे.

शेवटी कायद्याचा आधार देते, म्हणजे मागताना तुमचा आवाज खाली राहणार नाही. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये लिहिलं आहे की सरकारी आरोग्य संस्थांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीची मानसिक आरोग्यसेवा देता यावी असं प्रशिक्षण सरकारने किमान दिलंच पाहिजे. सेवा देता यावी, असा त्याचा अर्थ आहे. हजेरीपटावर सही झाली की ती देता येते असं नाही. तेव्हा पुढच्या मासिक सभेत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर लेखी मागणी ठेवा: दर आठवड्याला ठरलेल्या वेळी मानसोपचारतज्ज्ञाशी चर्चा, महिन्यातून एकदा त्यांची केंद्राला भेट, दर दोन वर्षांनी उजळणी आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्या तीन महिन्यांत प्रशिक्षण. मागणीची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. मागणी करणाऱ्या केंद्रांचे डॉक्टर दोन असोत की वीस, आमच्या बाजूने गुरुवारी तीन वाजता फोन उचलायला मी बसलेली असेन.

आपली,
जिल्ह्यातली एक मानसोपचारतज्ज्ञ